शेवटच्या शब्दावरची रेघ

माझे वडील कोल्हापुरात बोर्ड रंगवायचे. घरात आम्ही त्यांना आबा म्हणायचो, बाकी सगळं गाव पेंटर म्हणायचं. तालमीची पाटी असो, दूध संस्थेचा फलक असो नाहीतर ट्रॉलीची मागची फळी, समोर येईल त्यावर ते अक्षर काढायचे. त्यांची एक रीत होती. आधी ओळीतली अक्षरं काढायची आणि डोक्यावरची रेघ मागनं मारायची. त्यातही शेवटच्या शब्दाची रेघ मुद्दाम सोडायची. मालक यायचा, नारळ फोडायचा, तेव्हा आबा श्वास धरून ती रेघ एका दमात ओढायचे. तोवर बोर्ड पुरा नाही. एका हॉटेलवाल्याला यायला महिना लागला, तर महिनाभर त्याच्या बोर्डावरचा शेवटचा शब्द बोडका राहिला. लोक हसले. आबांनी कुणाचं ऐकलं नाही.

पुढं फ्लेक्स आला आणि आबांचं काम संपलं. मी हे एका वाक्यात उरकते, कारण घरात त्यावर कुणी एक वाक्यसुद्धा बोललं नाही. ब्रश मात्र ते दर चार दिवसांनी धुऊन ठेवायचे. न वापरलेले ब्रश धुणारा माणूस बघत राहायचं म्हणजे काय असतं, ते मला विचारा.

मी चित्रं काढते. काही वर्षांपूर्वी पुण्याच्या एका प्रकाशकाकडून काम आलं. एका मराठी विज्ञानपटाचं कॉमिक करायचं होतं, चार अंकांत. गोष्ट शिरोळकडची. उसाच्या फडात आकाशातून एक यान पडतं आणि ट्रॅक्टर दुरुस्त करणारा एक बाप ते दुरुस्त करतो. पहिल्या अंकाच्या शेवटी तो त्या यानात चढतो आणि बांधावरच्या लेकीला म्हणतो, "येतो."

चित्रं माझी होती. संवादाच्या फुग्यांतली अक्षरं आबांनी हातानं काढावीत, हे खूळही माझंच.

"छापून येणार?" आबांनी विचारलं.

"येणार की."

मग म्हणाले, "आयुष्यभर रंगवलं, पर एक पाटी जाग्यावर न्हाय बघ. कुठली पावसानं गेली, कुठली लोकांनी उतरवली. पुस्तक ऱ्हातंय. कुणाच्या तरी घरात ऱ्हातंय." त्यांना आणखी काही नको होतं. आपलं अक्षर कुठंतरी टिकावं, एवढंच.

तेव्हा त्यांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू होता. भिंग धरून, नाक कागदाला टेकवून, सगळ्यांत बारीक ब्रशानं त्यांनी बत्तीस पानं लिहिली. खडू लावलेली दोरी ताणून बोर्डावर मारतात तशी कागदावर मारून ओळी आखल्या. अक्षरं थोडी हलली होती, कुठं फुग्याबाहेर गेली होती. मला दिसत होतं. तरी मी पुढचं पान त्यांच्यासमोर सरकवत राहिले. शेवटच्या पानावरचा "येतो" त्यांनी रीतीप्रमाणं बिनरेघेचा ठेवला आणि विचारलं, "मालक कवा यायचाय?"

"येतील," मी म्हणाले. मालक कुठला यायला? त्याचं सगळं काम फोनवर चालायचं.

पानं स्कॅन करून पाठवली. आठवड्यानं फोन आला. चित्रं छान आहेत, अक्षरं वाचता येत नाहीत, कॉम्प्युटरवरचा फॉन्ट वापरा. मी वाद घातला, पण खरं सांगायचं तर फार नाही. पहिलंच मोठं काम होतं, हातचं जाईल अशी भीती वाटली. दोन दुपारी बसून मी स्कॅनवरचं आबांचं एकेक अक्षर पुसलं आणि त्या जागी फॉन्ट बसवला. आबा पलीकडच्या खोलीत रेडिओ ऐकत होते. माझ्या हातून झालेल्या कामांपैकी हे सगळ्यांत नीटनेटकं आणि सगळ्यांत हलकट काम.

अंक आला. आबांनी तो हातात घेतला, वास घेतला, पानांवरनं बोट फिरवलं. त्यांना फक्त रंगांचे ढग आणि काळ्या ओळी दिसत होत्या. "हात अजून हाय म्हणायचा," ते म्हणाले. मी "व्हय" म्हणाले. तेव्हाच सांगायला हवं होतं. दुसऱ्या दिवशी ते अंक घेऊन चौकातल्या चहाच्या गाड्यावर गेले. तिथं कुणीतरी म्हणालं, "पेंटर, छापल्यागत अक्षर आलंय की!" आबा घरी येऊन हे दोनदा सांगून गेले.

मग त्यांच्या ऑपरेशनची तारीख मिळाली. घरात सगळे खूश, आणि मी एकटी मनात म्हणत होते की तारीख पुढं जाऊ दे. स्वतःच्या बापाला दिसू नये असं मला वाटत होतं. याहून खाली माणूस जाऊ शकतो का, ठाऊक नाही.

ऑपरेशन चांगलं झालं. डॉक्टरांनी सांगितलेले दिवस त्यांनी मोजून पाळले. मग एका सकाळी आंघोळ करून, धुतलेला सदरा घालून ते खिडकीशी बसले आणि म्हणाले, "आण ते."

मी अंक दिला. पहिलं पान त्यांनी बराच वेळ बघितलं. मग मधली पानं न बघता एकदम शेवटचं उघडलं.

"ह्याची रेघ कुणी मारली?"

कॉम्प्युटरला रेघ सोडता येत नाही. मी म्हणाले, "मी मारली, आबा. सगळंच मी केलं. प्रकाशक म्हणाले वाचता येत नाहीत, तर तुमची अक्षरं मी काढून टाकली."

ते रागावले असते तर बरं झालं असतं. त्यांनी मूळ पानं मागितली. स्वतःची अक्षरं नव्या डोळ्यांनी पहिल्यांदाच बघितली. "हललंय," ते म्हणाले. "त्येंचं बी चुकलं न्हाय." मी रडायला लागले, तर म्हणाले, "गप. रडतीस कशाला?"

मीच ब्रश आणि शाई आणून पुढं ठेवली. म्हटलं, निदान ही रेघ तरी मारा. त्यांनी ब्रश बुडवला, "येतो"वर आणला, श्वास धरला. मग हात मागं घेतला.

"न्हाय. मालक आल्याबिगर न्हाय."

ब्रश धुऊन त्यांनी डब्यात ठेवला. त्यानंतर तो पुन्हा धुतलेला मी बघितला नाही.

सिनेमा पडला, कॉमिकचे पुढचे अंक निघालेच नाहीत. पुढच्या थंडीत आबा गेले. पहिल्या अंकाची माझ्याकडं एकच प्रत आहे, ती मी उघडत नाही. मूळ पान उघडते. कधी कधी ब्रशही हातात घेते. पण मालक मी नव्हे. तो "येतो" अजून बिनरेघेचाच आहे.