छतावरचे भाऊजी

आमच्या लेआऊटमध्ये त्या काळात ज्यानं कोणी टीव्हीवर जे काही पाहिलं, ते माझ्या भाऊजींच्या कृपेनं पाहिलं; आणि घरात टीव्ही असूनही त्यावर काहीच न पाहिलेला अख्ख्या नागपुरात एकच माणूस होता, तो म्हणजे माझे भाऊजी. ते कायम छतावर असायचे. माझ्या ताईचा नवरा म्हणून त्यांचा चेहरा मला लग्नाच्या फोटोत तेवढा नीट पाहायला मिळाला. एरवी मला ते खालून दिसायचे: लेंग्याचे दोन पाय, त्यावर बनियन, आणि त्याच्याही वर अँटेना.

हुडकेश्वर रस्त्यावरच्या आमच्या या नव्या वस्तीत तेव्हा घरं कमी आणि प्लॉटचे दगड जास्त होते. टीव्हीचा टॉवर शहराच्या पार दुसऱ्या टोकाला. त्यामुळे आमच्याकडे चित्र यायचं ते वाटेत चार ठिकाणी बसून, दमून. दुकानदारानं दिलेला अँटेनाचा दांडा भाऊजींना पहिल्याच दिवशी तोकडा वाटला. ते मूळचे नरखेड तालुक्यातले, घरची संत्र्याची बाग. रविवारी गावी गेले आणि विहिरीवरच्या मोटारीचे जुने लोखंडी पाइप एसटीच्या टपावर टाकून घेऊन आले. कंडक्टरनं हरकत घेतली तेव्हा म्हणाले, "विहिरीतून पाणी वर येते का नाही याच्यातून? मग आता वरून चित्र खाली येईन." कंडक्टरनं पाइपांचंही तिकीट फाडलं. वर्षभरात सगळ्या लेआऊटच्या अँटेना पंपाच्या पाइपांवर चढल्या, आणि गावाकडच्या किती विहिरी आमच्या करमणुकीपायी उघड्या पडल्या ते देवाला ठाऊक.

भाऊजींची नोकरी संत्र्याच्या रोपवाटिकेत. जंबेरीच्या, म्हणजे रानटी लिंबाच्या, रोपाला चीर द्यायची, तिच्यात संत्र्याच्या फांदीवरचा डोळा बसवायचा आणि वरून प्लास्टिकची पट्टी गुंडाळायची, हे त्यांचं दिवसभराचं काम. या कामात त्यांचा हात धरणारा कोणी नव्हता. पण तोच हात, तोच चाकू आणि तीच पट्टी घेऊन ते संध्याकाळी अँटेनाच्या वायरीला भिडत. वायरचा जोड ते अगदी कलमासारखा बांधायचे आणि घरमालकाला बजावायचे, "एकवीस दिवस याले हात लावू नका." लोक खरोखर लावत नसत. आमच्या शेजारच्या काकूंनी तर एका जोडाला दोन दिवस पाणीही घातलं, आणि त्यानंतर त्यांच्या टीव्हीत जे झालं त्याचं खापर त्यांनी अजून भाऊजींवर फोडलेलं नाही.

माणसाची पारख ते त्याच्या छतावरून करत. माझ्यासाठी मुलगी पाहायला आम्ही एका घरी गेलो. पोहे आले, चहा आला, भाऊजींचा पत्ता नाही. तेवढ्यात वरून हाक आली, "दिसते का?" त्या घरात सगळे गोंधळून एकमेकांकडे पाहू लागले. चहाचा ट्रे हातात घेतलेल्या मुलीनं मात्र आतल्या टीव्हीकडे एक नजर टाकली आणि खणखणीत आवाजात उत्तर दिलं, "दिसते!" परतताना भाऊजी म्हणाले, "बापू, होकार देऊन टाक. पोरीचा आवाज छतापर्यंत येते." मी होकार दिला. आवाज छतापर्यंतच येतो असं नाही, तो त्याच्याही पुढे जातो, हे मला नंतर कळलं. असो.

मी ताईकडेच राहायचो, आणि माझी नेमणूक अंगणात होती. छतावर भाऊजी, खिडकीशी ताई आणि टीव्हीसमोर भाऊजींची आई, जिला आम्ही सगळेच माय म्हणायचो. वरचा प्रश्न आत पोचवायचा आणि आतलं उत्तर वर, हे माझं काम. भाऊजी विचारायचे, "दिसते का?" मी तेच खिडकीत ओरडायचो. आतून उत्तर यायचं, "मुंग्या!" म्हणजे चित्राच्या जागी नुसते वळवळणारे ठिपके. मी वर ओरडायचो, "मुंग्या!" भाऊजी पाइप बोटभर फिरवायचे. पुन्हा "दिसते का?" असं करता करता केव्हातरी ताई किंचाळायची, "दिसलं! आता हालू नका!" की भाऊजी हात हवेत ठेवून पुतळ्यासारखे थांबायचे. कुठलीशी मॅच आम्ही अशीच पाहिली. म्हणजे त्यांनी पाहिली. मी अंगणात होतो.

आता खरं सांगायचं तर हा सगळा खटाटोप मायसाठी होता. माय टीव्हीपासून हातभर अंतरावर बसायची आणि रोज तक्रार करायची, "धुरकट दिसून राह्यलं गा." शेजारपाजारचे लोक म्हणायचे, चित्र छान आहे. ताई म्हणायची, मायच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आहे, ते साऱ्या लेआऊटला दिसतं. यावर माय उसळायची. "माह्या डोळ्याले काही नाही झालं. याच्या अँटेनात खराबी हाये. अन् डोळ्याले सुरी तं मी लावू देणार नाही." भाऊजी शिडी लावायचे. वीस फुटांचा पाइप तीस फुटांचा झाला, बूस्टर आला, स्टॅबिलायझर आला. आईच्या मोतीबिंदूवर मुलगा अँटेना उंच करत होता, आणि मी मूर्ख अंगणात उभं राहून त्याला दिशा सांगत होतो.

अशात टीव्हीच्या शेतीच्या कार्यक्रमासाठी कॅमेरा घेऊन माणसं रोपवाटिकेत आली. डोळा कसा बांधायचा ते भाऊजींनी करून दाखवलं. पांढरा सदरा घातला होता. घरी आल्यावर ताईनं विचारलं, काय बोललात? तर म्हणाले, "काय बोलू? हात दाखोले." कार्यक्रम संक्रांतीच्या नंतरच्या बुधवारी होता आणि एकदाच दाखवणार होते. तेव्हा ताईनं मायला गाठलं. खूप वाद झाला, आणि अखेर मायनंच पैज लावली. "माहा पोरगा मले त्या डब्यात दिसला, तं डॉक्टरचं नाव काढाचं नाही. अन् सगळ्याईले दिसला अन् मलेच नाही दिसला, तं मी आपल्या पायानं जाईन दवाखान्यात." भाऊजी एवढंच म्हणाले, "तुले दिसन माय. मी पाहातो."

त्या बुधवारी त्यांनी रजा घेतली. सकाळपासून पाइप, तारा, जोड सगळं तपासून झालं. छतावर जाऊन आपणच खाली यायचे, आपणच टीव्ही पाहायचे, पुन्हा वर. दुपारी तीनला म्हणाले, "आज मी खाली बसून पाहीन." न्हाव्याकडूनही जाऊन आले. संध्याकाळी खोलीत लेआऊटमधली पंधरा-वीस माणसं जमली. पहिल्या रांगेत माय, तिच्याशेजारी रिकामी खुर्ची, भाऊजींची. मलाही त्या दिवशी आयुष्यात पहिल्यांदा आत जागा मिळाली होती.

नागपुरात पतंग उडवायला वयाची अट नसते आणि संक्रांत एका दिवसात संपत नाही. कोपऱ्यावरचे निवृत्त हेडमास्तर अजून गच्चीवरच होते. शेतीच्या कार्यक्रमाची पाटी टीव्हीवर आली आणि त्याच क्षणी बाहेर "ओ काट!" झालं. कटलेला पतंग आमच्या अँटेनात आला, मास्तरांच्या चेल्यांनी त्याचा मांजा ओढला, आणि पडद्यावर मुंग्याच मुंग्या. भाऊजी खुर्चीवरून उठले ते शिडीवरच दिसले. मी सवयीनं अंगणात.

पाइप भिंतीला धरून ठेवणारा क्लँप तुटला होता. भाऊजींनी पाइप दोन्ही हातांनी धरला. "दिसते का?" मुंग्या. "आता?" मुंग्या. मग एकदम आतून गलका झाला. "दिसलं! दिसलं! भाऊच हायेत! हालू नका!" भाऊजींनी हात सोडला की चित्र जायचं, धरला की लख्ख. म्हणजे टीव्हीत भाऊजी जंबेरीला चीर देत होते आणि वर भाऊजी त्यांना धरून उभे होते.

"चांगलं दिसते का?" त्यांनी विचारलं.

मी खिडकीत विचारलं. "आरशासारखं!" आतून पंधरा गळे ओरडले. मी तसं वर सांगितलं.

"मायले दिसते का?"

मी खिडकीत पुन्हा विचारलं. ताई मायच्या कानाशी वाकली होती. पडद्यावर तिचा मुलगा तिच्यापासून हातभर अंतरावर होता आणि ती शोधत असल्यासारखी मान हलवत होती. "कुठसा हाये गा तो?" ती म्हणाली. "मले तं मुंग्याच दिसून राह्यल्या." ताईनं माझ्याकडे पाहिलं. वर्षभर मी मुंग्या, मुंग्या म्हणून ओरडत आलो होतो. त्या दिवशी तो शब्द माझ्या तोंडून निघेना.

"काहून गा, बोलत काहून नाही? मायले दिसते का?"

मी मान हलवली. अंधारून येत होतं, तरी त्यांना ती दिसली असावी. कार्यक्रम संपला, लोक पांगले, तरी ते पाइप धरून उभे होते. ताईनं हाक मारल्यावर खाली आले. शिडी आडवी करून ठेवली आणि म्हणाले, "बापू, अँटेनात खराबी नोतीच कधी. मले मालूम होतं." आपण टीव्हीत कसे दिसत होतो, हे त्यांनी विचारलं नाही. विचारलं असतं तरी मला काय सांगता आलं असतं?

माय शब्दाची पक्की. आपल्या पायानं गेली. ऑपरेशन झालं, पट्टी सुटली, आणि महिना-दीड महिन्यानं जाड भिंगांचा चष्मा घरी आला. मायला अंगणात उन्हात बसवलं, ताईनं चष्मा तिच्या कानांवर चढवला. भाऊजी समोर उभे राहिले, नेमके माझ्या जागेवर. न्हाव्याकडूनही जाऊन आले होते.

"दिसते का?" त्यांनी विचारलं.

माय डोळे मिचकावत राहिली. सवयीचा माणूस तो, बोटभर डावीकडे सरकला. "आता?" मग बोटभर उजवीकडे. "आता दिसते का माय?" मी दारात उभा होतो, पण निरोप पोचवायला आज कोणी नको होतं.

मायनं चष्मा नाकावर नीट केला. त्यांचे पिकलेले कल्ले पाहिले, उन्हानं रापलेला चेहरा पाहिला, पाइपानं घट्टे पडलेले हात पाहिले. तिचे डोळे भरून आले.

"दिसून राह्यलं गा," ती म्हणाली. "आता हालू नको तिथून."

भाऊजी हलले नाहीत.