मालकांचा ग्रुप

“बोट आत्ता कुठं उभी आहे, ते आधी सांगा.” कुणी काहीही विचारलं तरी त्यांचं उत्तर या प्रश्नानं सुरू व्हायचं. शीड फाटलंय, इंजिन धूर सोडतंय, नांगर धरत नाही, काहीही असो. विचारणारा कधी कधी वैतागायचा. पण बोट खाडीच्या चिखलात टेकली आहे की धक्क्याला बांधलेली आहे, हे कळल्याशिवाय ते पुढचं अक्षर लिहीत नसत. कळलं की मग आठ-दहा ओळी लिहीत, नीट क्रमानं, आणि शेवटी “एवढं करून मला कळवा.”

त्यांचं नाव मी इथे लिहीत नाही. मी जे वागलो ते माझं आहे, त्यात त्यांना कशाला ओढा. ग्रुपमध्ये त्यांच्या फोटोच्या जागी एका कप्पीचं चित्र होतं, म्हणून सगळे त्यांना कप्पीकाका म्हणायचे. तेवढं पुरे.

मी मूळचा पुण्याचा. गेली अकरा वर्षं बेंगळुरूत बेळ्ळंदूरला राहतो आणि दिवसभर कंप्यूटरसमोर बसतो. समुद्र इथून दहा तासांवर. तरीही चार वर्षांपूर्वी ऑफिसातल्या दोन मित्रांबरोबर मी एक जुनी, बावीस फुटी शिडाची बोट घेतली. आत दोघं झोपतील एवढी खोली आणि एक छोटी शेगडी. ती होन्नावरच्या खाडीत असते आणि सुट्टी मिळाली की आम्ही तिच्यातून किनाऱ्याकिनाऱ्यानं दोन-चार दिवस भटकतो. बायको म्हणाली होती, “रिंग रोडवर गाडी नीट लावता येत नाही, आणि म्हणे बोट.” तिचं फारसं चुकलं नव्हतं.

बोट घेतली आणि लक्षात आलं की आपल्याला काहीच येत नाही. मग इंटरनेटवर ग्रुप शोधायला लागलो. तुम्ही कुठलाही वेडा छंद लावून घेतला असेल, तर हा शोध तुम्हाला ठाऊक असणार. परदेशी ग्रुप प्रचंड मोठे. एकानं नांगराबद्दल विचारलं की शेकडो लोक आपापसात भांडतात, तोवर विचारणाऱ्याची बोट वाहून गेलेली असते. काही ठिकाणी नुसती विक्री, काही ठिकाणी नुसते सूर्यास्त. असे सात-आठ ग्रुप पालथे घातल्यावर कुणीतरी एका छोट्या ग्रुपची लिंक दिली. कोची, गोवा, रत्नागिरी, चेन्नई इथले साठेक लोक, सगळे छोट्या बोटींचे मालक. इथे आपला निभाव लागेल, हे मला पहिल्याच आठवड्यात कळलं. कारण या ग्रुपमध्ये एक माणूस चक्क “हे मला ठाऊक नाही, तिथल्या मेस्त्रीला विचारा” असं लिहीत होता.

तो माणूस म्हणजेच कप्पीकाका, राहणारे बेंगळुरूचेच. माझं आडनाव बघून त्यांनी मला वेगळा मेसेज केला, मराठीत. “आमची माणसं तीनशे वर्षांमागं इथं आली. आमचं मराठी स्वल्प असंच आहे, सांभाळून घ्या अण्णा.” माझ्यापेक्षा तीस वर्षांनी मोठा माणूस मला अण्णा म्हणत होता. बेंगळुरूत तशी रीतच आहे, पण मी मात्र ते ऐकून जरा फुगलो होतो, हे कबूल करतो.

पहिल्याच वर्षीची गोष्ट. आम्ही होन्नावरला निघायच्या तयारीत होतो. डोलकाठीला ताणून धरणाऱ्या एका तारेच्या टोकाशी जो पेच असतो, त्यावर केसाएवढी रेघ दिसली. मी ग्रुपवर फोटो टाकला. दोघांनी लिहिलं, ओरखडा आहे, जा बिनधास्त. काकांनी लिहिलं, “बोट आत्ता कुठं उभी आहे?” धक्क्याला, म्हटलं. “मग तिथंच राहू द्या. शेजारी एक रुपयाचं नाणं ठेवून उन्हात परत फोटो काढा.” काढला. “जाऊ नका. तो आतून तुटलेला आहे.” आम्ही कुरकुरत थांबलो. संध्याकाळी मित्रानं पकडीनं जरा जोर लावला, तर पेचाचे दोन तुकडे हातात आले. वाऱ्यात ती डोलकाठी आमच्या डोक्यावर पडली असती.

पंधरा दिवसांनी ते स्वतः आमच्या घरी आले. दोन बस बदलून, कापडी पिशवीत वर्तमानपत्रात गुंडाळलेला नवा पेच घेऊन. बाजारात त्या मापाचा मिळत नव्हता, तर त्यांनी ओळखीच्या वर्कशॉपमध्ये उभं राहून करून घेतला होता. किरकोळ अंगाचे, इस्त्रीचा पांढरा शर्ट, खिशात छोटी मोजपट्टी. “अक्का, कॉफी असली तर स्वल्प द्या,” असं बायकोला म्हणून ते हात धुऊन आले आणि मग बोटीचे फोटो बघायला बसले. सूर्यास्त, डॉल्फिन, आमची हसरी तोंडं, सगळं भराभर पुढं सरकवायचे. दोर बांधायची लोखंडी खुंटी दिसली की थांबायचे, बोटांनी ती मोठी करायचे. एका खुंटीवर त्यांचा चेहरा उजळला. “हिला मी ओळखतो,” म्हणाले.

“तुमची बोट कुठं असते?” मी सहज विचारलं. त्यांनी कॉफीचा घोट घेतला आणि म्हणाले, “या की एकदा बोम्मसंद्र्याला. घर जवळच आहे आमचं.” पत्ताही लिहून दिला. मला वाटलं, त्यांनी प्रश्न ऐकलाच नाही.

आता जे सांगायचं आहे ते सांगताना माझी बोटं अडतात. हळूहळू मीही ग्रुपवर सल्ले द्यायला लागलो होतो. एकदा चेन्नईच्या एका बाईंनी विचारलं, नांगराचा दोर किती सोडू? मी सविस्तर उत्तर लिहिलं. त्यांनी लिहिलं, “धन्यवाद. काकांचं येऊ दे, मग ठरवते.” थोड्या वेळानं काकांचं आलं, “साहेबांचं बरोबर आहे.” ते वाचून मला बरं वाटायला हवं होतं. मला राग आला.

पुढे ग्रुपमध्ये भलतेसलते लोक शिरायला लागले, कुणी विमा विकणारे, कुणी नुसतेच बघे. ग्रुप काढणारे गृहस्थ कंटाळले आणि त्यांनी व्यवस्था माझ्याकडे सोपवली. झालं, माझ्यातला इंजिनिअर जागा झाला. मी एक फॉर्म बनवला. बोटीचं नाव, लांबी, कुठे ठेवता, आणि बोटीवर उभा असलेला मालकाचा फोटो. पंधरा दिवसांत जो भरणार नाही, तो बाहेर. ग्रुप मालकांचा आहे, तो मालकांचाच राहावा, असं मी मोठ्या ऐटीत लिहिलं.

दहाव्या दिवशी काकांचा फोन आला. मी मीटिंगमध्ये होतो.

“अण्णा, त्या फॉर्मात बोटीचं नाव विचारलंय. नाव नसलं तर?”

“काहीतरी टाका हो काका,” मी म्हटलं.

“सरी, बरं,” ते म्हणाले.

त्यांनी काहीतरी टाकलं नाही. दुपारी फॉर्म आला. बोटीचं नाव: नाही. लांबी: नाही. फोटोत ते एका उंच यंत्राशेजारी निळ्या डगल्यात उभे होते. खाली लिहिलं होतं, “मी मालक नाही. कारखान्यात बोटीचे सुटे भाग बनत, ते ताणून तोडायच्या मशीनवर एकतीस वर्षं होतो. कुठली वस्तू कुठं तुटते तेवढं मला ठाऊक. बोटीत कधी बसलो नाही. चालत असेल तर ठेवा.”

त्यांना ठेवून घ्यायला मला फक्त एक बटण दाबायचं होतं. कुणाला कळलंही नसतं. पण मला त्या क्षणी वाटलं की या माणसानं आपल्याला फसवलं, आणि त्याहून खोल कुठेतरी, मी हे लपवणार नाही, मला आनंद झाला. मी ग्रुपवर लिहिलं, “सल्ला देणारे सगळेच बोटमालक नसतात. आपल्यात काठावरचे कप्तानही आहेत. ज्यानं त्यानं तपासून घ्यावं.” नाव घेतलं नव्हतं. घ्यायची गरजही नव्हती, कारण सगळ्यांना सल्ला देणारा माणूस एकच होता. एकवीस हसणारी तोंडं आली. मी मोजली होती.

तासाभरानं काकांनी लिहिलं. “रत्नागिरीच्या साहेबांनी सुकाणूची वरची बिजागरी सोडून खालची बघावी. चेन्नईच्या मॅडमनी दोर उलट बाजूनं लावून बघावा. कोचीच्या इंजिनाचं मला ठाऊक नाही. एवढी तीन उत्तरं राहिली होती. माझी बोट नाही. आहे असं मी कधी म्हटलं नाही, पण नाही असंही सांगितलं नाही, ती माझी चूक. नमस्कार.” आणि ते ग्रुप सोडून गेले.

फॉर्म शेवटी साठांतल्या नऊ जणांनी भरला. बाकीच्यांनी आळस केला, मीही मग तो विषय सोडून दिला आणि कुणालाच बाहेर काढलं नाही. ग्रुपवर प्रश्न येत राहिले, पण बोट कुठं उभी आहे हे कुणी विचारेना. हळूहळू प्रश्नही थांबले आणि सूर्यास्त यायला लागले.

त्यांना भेटायला जायचं मी दर आठवड्याला ठरवत होतो. बेळ्ळंदूरहून बोम्मसंद्रा म्हणजे गर्दी धरून तास-दीड तास. असे आठ महिने गेले, आणि तेवढ्यात मी पाच वेळा होन्नावरला जाऊन आलो, दहा-दहा तास गाडी चालवत. बोम्मसंद्र्याला मात्र मला वेळ झाला नाही. खरं तर त्यांच्यासमोर उभं राहायची माझी हिंमत नव्हती.

शेवटी गेलो, तेही माफी मागायला म्हणून नव्हे. आमच्या सुकाणूची बिजागरी तुटली होती आणि त्या मापाची कुठे मिळत नव्हती. तुकडा रुमालात बांधून खिशात घातला आणि वाटेत ठरवलं, की आधी माफी मागायची, मग तुकडा काढायचा.

दार त्यांच्या पत्नीनं उघडलं. मी नाव सांगितलं, काका आहेत का विचारलं. “ते जाऊन बावीस दिवस झाले की. झोपेतच गेले, त्रास काही नाही. तुम्ही बोटीच्या ग्रुपातले काय? या अण्णा, आत या.”

दोन खोल्यांचं घर. त्यांनी मला खुर्चीवर बसवलं, कॉफी दिली आणि समोर चटईवर बसल्या. “तुम्ही लोक होता म्हणून त्यांचा वेळ बरा गेला,” म्हणाल्या. “सकाळची कॉफी झाली की दोन तास फोन घेऊन त्या खिडकीत. मी हाक मारली तर म्हणायचे, स्वल्प थांब, लोक वाट बघत असतात.”

मी विचारलं, “कधीपर्यंत?”

“कधीपर्यंत म्हणजे? गेले त्याच्या आदल्या दिवशीपर्यंत.”

आठ महिने त्या फोनवर कुणाचा एक प्रश्नही आला नव्हता. हे त्या खोलीत फक्त मला ठाऊक होतं.

“एवढ्या बोटींचे मालक,” त्या सांगत होत्या, “पण त्यांच्यात आपल्याला ठेवून घेतलंय, म्हणायचे. फार चांगली माणसं आहेत, म्हणायचे. रोज उत्तरं यायची ना तुम्हाला त्यांची?”

“हो,” मी म्हणालो. “रोज यायची. आम्हाला फार आधार होता.”

त्यांनी पदरानं डोळे टिपले. खिशातला तुकडा मांडीला टोचत होता, मी तो बाहेर काढला नाही. कॉफी संपली. निघायला उठलो, तेव्हा त्या दारापर्यंत आल्या.

“आता त्यांच्या जागी कोण सांगतं सगळ्यांना?”

“कुणीच नाही, अक्का,” मी म्हणालो. त्या घरात मी खरं बोललो ते एवढंच.