बॅकअप दुसऱ्या घरी

अकोल्यात जठारपेठेत कम्प्युटर दुरुस्तीचं दुकान टाकून मला चौदा वर्षं झाली. एवढ्या वर्षांत जमा काय झालं म्हणाल, तर जळालेले मदरबोर्ड अन् लोकांचे किस्से. बोर्ड भंगारवाला घेऊन जातो. किस्से कोणी नेत नाही, म्हणून तुमच्या डोक्यावर टाकते.

आमच्याकडे लाईट जाते याचं मला काही वाटत नाही. तिची परत यायची रीत वाईट, येते ती दणका देऊनच. म्हणून मी प्रत्येक गिऱ्हाइकाला तेच पुराण सांगते: यूपीएस लावा, अर्थिंग करा, आभाळ गरजलं की सगळ्या वायरी काढा. लोक मान डोलवतात अन् घरी जाऊन आपल्या मनाचं करतात.

*

गावंडे काकांनी यूपीएस नेला अन् महिनाभरात तक्रार घेऊन हजर. लाईट गेली की कम्प्युटर खटकन बंद पडतो म्हणे. घरी जाऊन पाहिलं तर यूपीएस ठणठणीत.

"काका, लाईट गेल्यावर तुम्ही नेमकं काय करता?"

"काय करतो? थो यूपीएस बोंबलाले लागते, मंग मी त्याचं बटन बंद करतो. लाईट गेली हे मले दिसून नाही राहिलं काय?"

*

इंगळे काकूंच्या कम्प्युटरला हात लावला की झिणझिण्या यायच्या. अंगणात खड्डा खणून, कोळसा-मीठ टाकून चांगलं अर्थिंग करून घेतलं. निघताना बजावलं, उन्हाळ्यात खड्डा कोरडा पडू देऊ नका, आठवड्याला बादलीभर पाणी टाका. मे महिन्यात काकूंचा फोन, पुन्हा झिणझिण्या. जाऊन बघते तर खड्डा ठणठणीत कोरडा.

"काकू, पाणी टाकत नाही का?"

काकूंनी मला खालपासून वरपर्यंत पाहिलं. "नळ कवा आला होता, माहीत हाय तुले? मी घरच्या माणसाईले पानी मोजून देऊन राहिली, अन् या खड्ड्याले बादली पाजू?"

माझ्या घरीही तोच नळ येतो.

*

घरचे लोक तर आणखी पुढचे. अमरावतीच्या माझ्या भाऊजींना मी स्वतः यूपीएस नेऊन जोडून दिला. दिवाळीला गेले तर कम्प्युटर थेट भिंतीच्या सॉकेटात, अन् यूपीएसवर टीव्ही.

"भाऊजी, हे काय?"

"कम्प्युटर कवाही चालू करता येते. निघून गेलेली ओव्हर कोन दाखवते?"

माझ्या बहिणीने हळूच चहा पुढे केला. तिला माझा चेहरा वाचता येतो.

*

पण या सगळ्यांत माझा जीव टांगणीला लावला तो वानखडे सरांनी. सरांनी मला शाळेत गणित शिकवलं, त्यामुळे त्यांच्यावर ओरडायचीही सोय नाही. रिटायर झाल्यावर ते मायची कहाणी लिहायला बसले. माय गावी, तेल्हाऱ्याला. कापूस वेचून, मजुरी करून तिने सरांना शिकवलं. दर रविवारी सर तेल्हाऱ्याला जायचे, मायला विचारायचे अन् अकोल्याला येऊन एका बोटाने टाईप करायचे. असं तीन वर्षं. मधल्या काळात माय विसरायला लागली. मागच्या वर्षी जे सांगितलं, ते आता तिला काहीच आठवत नाही. म्हणजे जे काही होतं, ते त्या एका कम्प्युटरमध्ये.

मी सरांना हात जोडून सांगितलं होतं, "पेनड्राइव्हवर बॅकअप घ्या, अन् एक कॉपी दुसऱ्या घरी ठेवा." सरांनी मान डोलवली. सगळे डोलवतात तशीच.

गेल्या आठवड्यात भरदुपारी आभाळ गरजायला लागलं. सरांनी सगळे प्लग काढले, पण खांबावरून येणारी इंटरनेटची वायर तशीच राहिली. वीज तिच्यातून आत शिरली. सोमवारी सर ऑटोतून कम्प्युटर घेऊन आले. मदरबोर्ड काळा पडलेला, हार्ड डिस्क गेलेली.

"सर, पेनड्राइव्ह?"

"त्यातच लावलेला हाय. हरवू नये म्हणून कवा काढलाच नाही."

तोही जळाला होता. मग मात्र माझा तोल गेला. "तीन वर्षं सांगून राहिली मी तुम्हाले! आता मायले काय विचारणार तुम्ही?" बोलता बोलता मलाच रडू आलं.

वर्ग शांत होईपर्यंत थांबायचे, तसे सर थांबले.

"झालं बोलून?"

त्यांनी पिशवीतून सुतळीने बांधलेली पाच रजिस्टरं काढून काउंटरवर ठेवली. पानोपानी त्यांचं फळ्यावरचं सुवाच्य अक्षर.

"काल तेल्हाऱ्याहून आणली, मायच्या पेटीतून. दुसऱ्या घरी ठेवा असं तूच म्हटलं होतं नं? टाईप झालं का मंग पडद्यावर पाहून उतरून काढत होतो."

तीन वर्षांचं सगळं, हाताने. मी डोक्याला हात लावला.

"पण सर, हाताने काहून? प्रिंट काढायची नं!"

पाढा चुकलेल्या पोरीकडे बघावं, तसं सरांनी माझ्याकडे पाहिलं.

"प्रिंटरले लाईट लागते."