पिठाच्या रांगेतला अंगठा

निलंगा तालुक्यातल्या त्या किराणा दुकानापुढची रांग मी अजून विसरलेलो नाही. महिन्याची सहा तारीख. रक्कम माणशी पंधराशे. हजर: मी, आमची महिला हवालदार, दुकानदार आणि अकरा निराधार बाया.

खबर एका म्हातारीच्या भाच्याने दिली होती. मावशीच्या खात्यात सरकारी अनुदान जमा होतं आणि त्याच दिवशी निघतं; मावशी मात्र ते मंजूरच झालं नाही म्हणते. गावात पैसे काढायचं यंत्र या दुकानदाराकडे होतं. तोच या बायांना दरमहा दहा किलो पीठ फुकट द्यायचा. गाव त्याला धर्मात्मा म्हणत असे.

मावशी फिर्याद द्यायला तयार होईना.

"त्याच्यावर आळ घेऊ नका, सायब. सरकारनं न्हाई दिलं, त्यानं दिलं."

"पीठ घेताना काय करावं लागतं?"

"काय न्हाई. यंत्रावर अंगठा. पीठ पोचल्याची खूण हाय ती."

दुकानदार निवांत होता. "साहेब, दानधर्म करणं कोणत्या कलमात बसतं?"

आमची हवालदार उदगीरकडची. तिने सहज विचारलं, "आजी, मठात दासोहाला जेवायला जाता न्हवं? तिथं घेत्यात का अंगठा?"

"अन्नदानाला अंगठा?" मावशी हसली. "मठात कोण असलं करतंय, बाई!" मग तिचं हसू थांबलं. ती दुकानदाराकडे वळली. "मग तू रे कशाला घेत हुतास?"

मावशीची फिर्याद तिथेच नोंदली गेली. संध्याकाळपर्यंत त्याने कबूल केलं: अंगठा पैसे काढण्यासाठीच होता. पीठ त्यातलंच, उरलेलं त्याचं.

तपास संपेपर्यंत बायांची खाती अडकली. ते महिने त्यांना मठाने जेवू घातलं, हे सांगितलंच पाहिजे. दान लवकर पोचतं. सरकारी पैसा रेंगाळतो, पण तो आला नाही तर जाब विचारता येतो. ज्याच्यापुढे हात जोडले त्याच्याविरुद्ध तोंड उघडणं माणसाला फार जड जातं. मारहाणीच्या भीतीने गप्प बसलेले साक्षीदार मी पुष्कळ पाहिले. उपकाराखाली गप्प बसलेले त्याहून अवघड.

पुढे न्यायालयाच्या आदेशाने दुकानदाराकडून वसुली झाली आणि अकराही जणींचं सगळं थकलेलं अनुदान त्यांच्या खात्यात जमा झालं. मावशीने बँकेत जाऊन स्वतः पैसे काढले. बाहेर येऊन मला म्हणाली, "माणूस लई वंगाळ न्हवता, सायब. पर माझ्या पैशाचं पुण्य त्यानं का घ्यावं?"