ताटावरचं पैंजण

“बंद कर म्हणतोय न्हवं ते! आत्ताच्या आत्ता!”

“आप्पा, ब्लॉग काय पाण्याचा नळ हाय? पिळला की बंद?”

“मग तुझा कान पिळतो!”

“पिळा की. पण आधी सांगा, पेन्शन किती येतंय तुम्हाला महिन्याला?”

कानाकडं निघालेला रुद्रय्या मास्तरांचा हात खाली आला. बापाला नेमकं कुठं बोट लावलं की दुखतं, हे सोमेशला पक्कं ठाऊक होतं.

मी कॉम्प्युटरसमोरच्या खुर्चीत आक्रसून बसले होते. पडद्यावरचं ते पान मीच उघडलं होतं. मास्तर आमचे शेजारी. चोवीस वर्षं त्यांनी हुपरीच्या एका शाळेत चित्रकला शिकवली, रोज कोल्हापूरहून एसटीनं जाऊन. शाळा विनाअनुदानित. २००६ साली निवृत्त झाले तेव्हा शाल, नारळ आणि भिंतीवरचं घड्याळ मिळालं. पेन्शन नव्हतीच. घड्याळ मात्र पाच मिनिटं पुढं चालायचं. मास्तरांच्या पत्नी रत्नव्वाकाकू म्हणायच्या, “शाळंला लई घाई झालती ह्यांना घालवायची.”

मास्तरांना एकच नाद होता. हुपरीत घरोघरी चांदीचं काम. शाळा सुटली की ते कुणा ना कुणा विद्यार्थ्याच्या घरी जायचे आणि त्या घरातल्या बायकांच्या पायातली जुनी पैंजणं वहीत उतरवायचे. विकायची नव्हेत, अंगावरची. त्याची एक रीत होती. मास्तर सोप्यात भिंतीकडं तोंड करून बसायचे. आतून बाई एका पायातलं पैंजण काढून पितळी ताटात ठेवून पाठवायची. एकाच पायातलं. दोन्ही पाय मोकळे करायला सवाष्ण बाई नाखूश असते, हे त्यांनी पहिल्याच घरात ओळखलं. ताटात मूठभर तांदूळ असायचे, त्यावर कडी न् कडी उठून दिसायची. चित्र झालं की खाली बाईचं नाव, गावाचं नाव. ताट आत परत. अकरा वह्या भरल्या, पण चोवीस वर्षांत मास्तरांनी हुपरीतल्या एकाही बाईचं पाऊल बघितलं नव्हतं.

“नावं कशाला घालता मास्तर?” मी एकदा विचारलं.

“मग काय माझं घालू? पैंजण तिचं हाय की.”

ब्लॉगची कल्पना सोमेशची. तो कॉम्प्युटर दुरुस्तीची कामं करायचा. म्हणाला, आप्पा, तुमची चित्रं टाकू, लोक बघायला येतील, कडेला जाहिराती लागतील, त्याचे पैसे येतील. घरबसल्या पेन्शन. मास्तर सांगायचे, मी टाइप करायचे. पानाच्या तळाशी एक आकडा होता, किती जण येऊन गेले त्याचा.

“आज अकरा जण आलते,” मास्तर जेवताना सांगायचे.

“अकरा पावणं आलं आणि एकानंबी च्या मागितला न्हाय?” काकू विचारायच्या. “बरं हाय की तुमचं ब्लॉग.”

सहा महिने अकराचे बारा झाले नाहीत. मग माझी परीक्षा आली आणि सोमेश म्हणाला, तू अभ्यास कर, मी बघतो. दिवाळीनंतर आकडा हजारांत गेल्याचं सोमेशनंच सांगितलं. माघात साडेचार हजारांचा चेक आला, मास्तरांच्या नावाचा. मास्तरांनी तो गल्लीत सगळ्यांना दाखवला. भाजीवालीलासुद्धा. मग दोन किलो पेढे घेऊन हुपरीची गाडी धरली. ज्यांची पैंजणं, त्यांचं तोंड आधी गोड करायचं.

पहिलं घर तानाबाईंचं. त्यांचा मुलगा गुंडू मास्तरांचा विद्यार्थी. दार उघडलं, पण तानाबाई उंबऱ्यातच उभ्या राहिल्या.

“कशाचं पेढं, मास्तर?”

“ब्लॉगचं. चेक आला.”

“म्हंजे पायाचं.”

“पैंजणाचं म्हणा की.”

“न्हाय. पायाचंच म्हणतीया मी. तुमचा सोमेश आलता क्यामेरा घिऊन. आप्पांनी पाठवलंय म्हणाला. पैंजण काढायला नको म्हणाला, तशीच बसा. तुमचं नाव घेटलं म्हणून बसली माझी सून. आता बाजारात एक यापारी गुंडूला तिच्या पायाचं फोटू दावून हसतोय. पोरीनं दोन्ही पायातलं काढून ठिवलंय, मास्तर. दोन्ही. आणि तुम्ही पेढं घिऊन आलाय.”

दार लागलं. मास्तर पेढ्यांसकट परत आले आणि थेट आमच्या दारात उभे राहिले. “चल, मला ते पान दाखव.”

मी त्यांच्या घरी जाऊन कॉम्प्युटरवर ते उघडलं. चित्रं गायब होती. तिथं पावलं होती. घोट्यापर्यंत, कुठं पिंढरीपर्यंत साडी सरकलेली. वर ठळक अक्षरांत मथळा, तो मी इथं लिहिणार नाही. आणि प्रत्येक फोटोखाली, मास्तरांच्या रीतीनंच, नाव. दानेश्वरी, हुपरी. ही तानाबाईंची सून. त्याखाली कुणाकुणाचे अभिप्राय.

“काय लिहिलंय लोकांनी? वाच.”

“मला नाही वाचवत, मास्तर.”

त्यांनी चष्मा लावला आणि पोरांच्या वह्या तपासाव्यात तसं बोट ठेवून स्वतः वाचलं. एकानं तिच्या टाचेला काय करावंसं वाटतं ते लिहिलं होतं. दुसऱ्यानं हुपरीचा पत्ता मागितला होता. तिसरा वाचून झाला आणि मास्तर उठले. मोरीत गेले. रंग काढायला वापरायचा तो दगड घेऊन त्यांनी हात घासले, घासले, पुन्हा घासले. त्या हातांनी काहीच केलं नव्हतं. ह्याच पानासाठी मी त्यांची वाक्यं शुद्ध करून टाइप केली होती.

सोमेश जेवायला आला तेव्हा भांडण पेटलं.

“अहो, नुसती पावलं हायत,” तो आता म्हणत होता. “तोंड दिसतंय का कुणाचं?”

“नाव हाय खाली!”

“तुम्हीच शिकवलंय की. ज्याचं त्याचं नाव घाल म्हणून.”

मास्तरांनी पडद्यावरच्या त्या नावावर तळहात धरला.

“तुमची ती तांदळावरची चित्रं बघाय कोण येत न्हवतं, आप्पा. कुत्रंबी न्हाय. आता पुढचा चेक दुप्पट येईल. तुमच्या बीपीच्या गोळ्या कशावर आणायच्या? त्या घड्याळावर?”

स्वयंपाकघरात मेथी निवडण्याचा आवाज थांबला. रत्नव्वाकाकू बाहेर आल्या. त्यांनी मला खुर्चीवरून उठवलं, स्वतः बसल्या आणि दोन्ही पाय समोरच्या स्टुलावर ठेवले. टाचांना भेगा, भेगांत काळं. अंगठ्याचं नख जुनं, पिवळं. जोडवी बोटांत रुतलेली. साडी त्यांनी वीतभर वर घेतली.

“काढ,” त्या म्हणाल्या.

“अव्वा, काय ग हे...”

“क्यामेरा आण आणि काढ. दुसऱ्याची सून चालती, मग आई का न्हाय? पैसं येतील की माझ्याबी पायाचं. गोळ्या आणायच्या हायत न्हवं आप्पांच्या?”

“साडी खाली घे आधी.”

“का? तोंड कुठं दिसतंय माझं? नाव घाल खाली. रत्नव्वा, कोल्हापूर. सोमेशची आई.”

सोमेश भिंतीकडं बघत राहिला. त्याचे कान लाल झाले होते. पडद्यावर दानेश्वरीची पावलं तशीच होती, तळाचा आकडा तेवढ्यात दोनानं वाढला.

मास्तरांचा आवाज अगदी खाली आला. “सोमेश, त्या ब्लॉगची किल्ली, तो पासवर्ड, आता तुझ्याकडंच हाय. मला काय त्यातलं कळत न्हाय. तानाबाईला उद्या जाऊन सांगायचंय मला. काढतोस का न्हाय ते पान? एवढंच सांग.”

सोमेशनं मेजावरून गाडीची चावी उचलली. कॅमेराही उचलला. आणि आईच्या पायांना वळसा घालून तो बाहेर निघून गेला.