छपराखालची लाकडं

ऑस्ट्रेलियातलं आयर्नबार्कचं लाकूड पाण्यात टाकलं तर बुडतं. हे मी कुठे वाचलेलं नाही, बादलीत तुकडा टाकून पाहिलेलं आहे. तेव्हा मी श्टुटगार्टजवळच्या एका कारखान्यात चेनसॉच्या साखळ्या तपासायचं काम करत होतो. लोकांना त्या यंत्राचा आवाज माहीत असतो, पण कापते ती पट्टीभोवती फिरणारी दातांची साखळी. आमच्या साखळ्या जर्मनीतल्या पाइनमध्ये सुखाने चालायच्या. ऑस्ट्रेलियातले लाकूडतोडे मात्र कळवत होते की तिकडच्या झाडांत दात बघता बघता बोथट होतात. म्हणून नवा दात करायचं ठरलं आणि त्या दाताचा कोन मी काढला. मी काढला हे मुद्दाम सांगतो, कारण आयुष्यात माझं स्वतःचं म्हणावं असं दुसरं काही मी केलेलं नाही.

माझा करार दोन वर्षांचा होता आणि जूनमध्ये संपणार होता. साहेबांनी आडपडदा ठेवला नव्हता. साखळी चालली तर उनबेफ्रिस्टेट, म्हणजे कायमचा करार, आणि नाही चालली तर परत पुण्याचा रस्ता मोकळा. कायमचा करार झाल्याशिवाय सोफा घ्यायचा नाही असं बायकोने ठरवलं होतं, त्यामुळे दोन वर्षं आम्ही पाहुण्यांना गादीवर बसवत होतो. मुलगी दुसरीत होती. मराठीत विचारलं की जर्मनमध्ये उत्तर द्यायची, आणि परत जायचा विषय निघाला की दोन्ही भाषांत गप्प बसायची.

सप्टेंबरात ऑस्ट्रेलियाहून सहा तुळया आल्या. साल काढलेल्या, चौकोनी तासलेल्या, बंदरात कीड मारायला धुरी दिलेल्या. आमच्या चाचणी विभागाचा माइस्टर, म्हणजे तिथला सर्वांत जुना कारागीर, साठीला आलेला अबोल माणूस होता. त्याने तुळया आवारात उघड्यावर ठेवल्या, वर गोणपाट घातलं आणि रोज सकाळी नळीने ते भिजवायला सुरुवात केली. मला वाटलं, धुरीचा वास जावा म्हणून करत असेल. विचारायला हवं होतं. पण इंजिनियर म्हणवणाऱ्या माणसाने लाकडाला पाणी का घालतात हे विचारायचं म्हणजे कमीपणा वाटला, शिवाय मी सुताराचा मुलगा.

ऑक्टोबरअखेर माइस्टर हृदयाच्या ऑपरेशनला गेला आणि पुढे रेहाला, जिथे आजारी माणसाला आठवडेच्या आठवडे पुन्हा चालायला शिकवतात. जाताना मला एवढंच म्हणाला की लाकडांकडे लक्ष दे.

त्या रविवारी मी चिपळूणला बाबांना फोनवर तुळयांचा फोटो दाखवला. बाबांनी चाळीस वर्षं सागाची दारं केली. माझं काम त्यांना कधी कळलं नाही आणि त्याबद्दल एकापुढे दुसरा प्रश्न त्यांनी कधी विचारला नाही. त्या दिवशी मात्र त्यांनी चष्मा लावून फोटो डोळ्यांशी धरला.

"उघड्यावर? आणि वर ओलं गोणपाट?" ते म्हणाले. "अरे, कुजवायचंय का तुला? छपराखाली घे आधी. जमिनीला टेकवू नकोस. मध्ये पट्ट्या घाल, वारा खेळू दे."

मग लाकूड कसं मुरतं, ओल राहिली तर चौकट कशी वाकते, हे त्यांनी अर्धा तास सांगितलं. पुढच्या बुधवारी त्यांनी आपणहून फोन केला. इतक्या वर्षांत आठवड्याच्या मध्ये त्यांचा फोन कधी आला नव्हता. मी सांगितलं की आत घेतली, हीटरच्या बाजूला, मध्ये पट्ट्या घालून. ते खूश झाले आणि खरं सांगायचं तर त्यांच्याहून जास्त मी झालो. सगळा हिवाळा आम्ही बापलेक त्या सहा तुळयांविषयी बोलत होतो. तेवढा एक हिवाळा मला माझा बाप मिळाला.

फेब्रुवारीत चाचणी झाली. साहेब आले, विक्री विभागाची दोन माणसं आली. कानाला मफ लावून मी पहिला काप घेतला. तो ठीक गेला. दुसऱ्याला करवत ढकलावी लागली, आणि चौथ्याला धूर आला. साखळी चांगली असली की भुश्याचे जाड कपटे उडतात, इथे तांबडं पीठ पडत होतं. दुसरी साखळी लावली, तिसरी लावली. सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं तर प्रत्येक दाताचा कोपरा झिजून गोल झालेला. मी आकडे होते तसे लिहिले आणि अहवालावर सही केली. प्रामाणिकपणाचा मला त्या दिवशी थोडा अभिमानही वाटला, आता आठवलं की लाज वाटते.

मार्चमध्ये माइस्टर परत आला, निम्मा होऊन. थेट चाचणीच्या हॉलमध्ये गेला, उरलेल्या तुळईवर बोटाने टकटक केलं, तिच्या भेगेत नख घातलं आणि हे आत कोणी आणलं म्हणून विचारलं. मी म्हटलं, मी. का, तर माझे वडील सुतार आहेत, ते म्हणाले म्हणून. तो स्टुलावर बसला.

"तिकडे उभं झाड पाडतात आणि तिथेच कापतात," तो म्हणाला. "ओलं. म्हणून मी ते ओलं ठेवत होतो. तू चार महिने वाळवून त्याचा दगड केलास आणि मग दगड कापलास."

त्याच्या आवाजात राग नव्हता. तो ओरडला असता तर बरं झालं असतं.

मी तसाच साहेबांकडे गेलो. कोन चुकलेला नाही, लाकूड चुकलं, असं सांगितलं. त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं आणि मग नुसतं "आल्झो" म्हणाले, म्हणजे आपलं "असं आहे तर". अहवाल वर गेला होता, प्रकल्प बंद झाला होता. नवं लाकूड मागवलं तरी ते बोटीने जुलैत येणार, आणि माझा करार जूनमध्ये संपत होता. जाताना त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. त्या हाताचा मला अजून राग येतो.

दुसरी नोकरी शोधली, मिळाली नाही. जूनमध्ये गादीसुद्धा कोणाला तरी देऊन टाकली. मुलीने शाळेचं दप्तर बॅगेत भरू दिलं नाही, पाठीवरच ठेवलं. निघायच्या आदल्या रविवारी बाबांचा फोन आला. आम्ही परत येतोय हे त्यांना कळलं होतं, का ते माहीत नव्हतं.

"ती साखळी चालली नाही होय?" त्यांनी विचारलं.

"नाही चालली."

"लाकडं आतच ठेवली होतीस ना?"

"हो बाबा. शेवटपर्यंत कोरडी होती."

ते माझी समजूत कशी काढावी याचा विचार करत असावेत.

"मग लाकडाचा दोष नाही," ते म्हणाले. "तुझा दातच कमी पडला असेल."

मी म्हटलं, "हो बाबा, दातच कमी पडला."