दाराबाहेरची जपमाळ

धानाच्या अडतीत माझा आवाज हीच माझी दौलत. तुमसरच्या बाजारात हमालीपासून सुरुवात करून मी स्वतःच्या गादीवर बसलो, तो या आवाजाच्या जोरावर. एका सकाळी व्यापाऱ्याशी भांडता भांडता आवाजच गेला. घशाच्या डॉक्टरने सांगितलं, घसा ठणठणीत आहे, दुखणं मनाचं आहे. नागपूरला संमोहनाने उपचार करणारे डॉक्टर आहेत, त्यांच्याकडे जा.

तिथेच माझं पाऊल अडलं. माझे बाबा तोतरे होते. तरुणपणी ते अशाच एका संमोहनवाल्याकडे गेले, तर आमच्या चर्चच्या तेव्हाच्या फादरने रविवारच्या भर मिस्सेत, सगळ्यांसमोर, त्यांना सैतानाच्या दारी गेलेला माणूस म्हटलं. बाबा मरेपर्यंत पुन्हा चर्चची पायरी चढले नाहीत. मी मात्र दर रविवारी जायचो, थोडा देवासाठी आणि जास्त तो राग ताजा ठेवायला.

"आता राग कोणाले दाखवून राहिले?" बायको म्हणाली. "तुमचा आवाज गेला म्हणून बाजारात लोक पेढे वाटून राहिले. जा फादरकडे, विचारून घ्या."

गेलो. कागदावर लिहिलं, आधी माझ्या बाबांची माफी मागा. घासाघीस करायच्या पूर्ण तयारीनेच गेलो होतो. नव्या फादरने वाचलं आणि हात जोडले. "चुकलंच आमचं. माफ करा." पहिल्याच भावाला सौदा पटला, आता भांडायचं कशावर? मग त्यांनी सांगितलं, ही संमोहनाची विद्या युरोपात निघाली तेव्हा चर्चला भीती होती की माणूस आपली इच्छाच दुसऱ्याच्या हाती देईल. भीती खोटी नव्हती, पण तिच्यापायी दुखणाईताला हाकलायचं नव्हतं. पुढे चर्चनेच मान्य केलं की जाणत्या डॉक्टरने उपचारासाठी केलं तर त्यात पाप नाही.

"चला, मी येतो संग."

नागपूरचे डॉक्टर म्हणत होते, स्वतःला सैल सोडा. ते मला जमेना, मुठी आवळलेल्याच. आयुष्यात मी कोणासाठी काही सोडलं नव्हतं. दाराबाहेरच्या बाकावर फादर जपमाळ म्हणत होते. अर्धी प्रार्थना एकाने म्हणायची, उरलेली दुसऱ्याने, ही आमची रीत. फादर अर्धी म्हणून थांबायचे. उत्तर द्यायला तिथे कोणी नव्हतं. पुन्हा अर्धी, पुन्हा शांतता. चर्च सुटलं तरी बाबा घरी रोज ते उत्तर द्यायचे, अडखळत, पण शेवटपर्यंत. माझ्या मुठी कधी उघडल्या, कळलं नाही. "हे पवित्र मरिये," कोणीतरी घोगऱ्या आवाजात उरलेली अर्धी सुरू केली. तो मीच होतो.

हे डॉक्टरांचं की मरियामातेचं, असं फादरला विचारलं तर ते हसले. "अडत्या तुम्ही, वाटणी तुम्हीच करा." मी वाटणी केली नाही. दोघांचे उपकार मानले.

त्या रविवारी मृतांसाठीच्या प्रार्थनेत बाबांचं नाव मी घेतलं, त्याच चर्चमध्ये, मोठ्याने. मूठ आवळली म्हणजे बळ, असं मी समजत आलो होतो. नाव घेऊन थांबलो, आणि उरलेली प्रार्थना साऱ्या चर्चने पुरी केली.